मोराचे नऊ तुकडे

तात्यापारा, रायपूर
रविवार, २ नोव्हेंबर

ती. विनोदिनीमावशीस,

परागचा शिरसाष्टांग नमस्कार. (लिहिताना अडखळलो. साष्टांग नमस्काराच्या आठ अंगांत गुडघेही येतात आणि माझा उजवा गुडघा दसऱ्यापासून वाकत नाही. तेव्हा हा साडेसात अंगांचा समजावास. खोटे लिहिण्यापेक्षा बरे.)

इकडे सगळे ठीक. तुझ्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्याचे कौमुदीकडून कळले. दिसते ना आता नीट? थेंब वेळेवर घालतेस ना? उजव्या डोळ्याचे कधी करणार? (हे रीत म्हणून विचारत नाही. उत्तरावर बरेच अवलंबून आहे, ते पुढे येईल.) हातात मोबाइल असताना भाच्याला पत्र लिहायची काय हुक्की आली, असे तुला वाटेल. त्याला दोन कारणे आहेत. एक, फोनवर मी ‘आई’ हा शब्द उच्चारला की तुझ्या अमरावतीचे नेटवर्क जाते. गेल्या सहा वर्षांत अकरा वेळा गेले आहे, डायरीत तारखा आहेत. दुसरे, मला जे सांगायचे आहे ते क्रमानेच सांगायला हवे, आणि तू मधे बोललीस तर मी घाबरून शेवटचे आधी सांगून मोकळा होईन. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण आहे. आणखी एक. हे पत्र आईला न कळता लिहितो आहे, तेव्हा तिला यातले काही सांगू नकोस. (तू सांगणार नाहीस हे ठाऊक आहे. सांगायला आधी बोलावे लागेल.)

तीस तारखेला आईला पंचाहत्तर पूर्ण होतात. मंजिरीचे म्हणणे होते, चांगली साडी घ्यावी. ईराचे (आता अकरावीत आहे, मराठी सगळे समजते आणि उत्तर हिंदीत देते) म्हणणे होते, केक पे दादी का फोटो छपवा लो. साडी घेतली की आई ती कपाटात ठेवते आणि केक घेतला तर आईच्या गळ्यावरून सुरी कुणी फिरवायची हा प्रश्न. मग मला स्मरण-गोधडीची कल्पना सुचली. (सुचली हे पूर्ण खरे नाही. आमच्याकडच्या एका निवृत्त साहेबांच्या घरी पाहिली होती. पण त्यांची पाहून मला वाटले की ही याहून चांगली करता येईल, आणि एवढा भाग माझाच.) घरातले जुने फोटो सुती कापडावर छापून घ्यायचे, त्यांचे चौकोन करायचे, त्यांच्यामध्ये घरातल्या बायकांच्या हातच्या भरतकामाचे चौकोन लावायचे, खाली जुन्या लुगड्यांचे थर आणि वरून धावदोरा. वीस सेंटिमीटरचा एक, असे अठ्ठेचाळीस चौकोन. तुम्हाला शिवता येते का, असे मंजिरीने विचारले. मी बावीस वर्षे उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये क्वालिटीत आहे. सळीची जाडी जराशी चुकली तरी ट्रक अडवतो. ज्याला लोखंड सरळ आहे की नाही ते नुसत्या डोळ्यांनी कळते त्याला कापडाचे काय एवढे, असे मी तिला म्हणालो. हे वाक्य तिने कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले आहे. अजून काढलेले नाही.

फोटो निवडण्यात दीड आठवडा गेला. कोणाकडचे किती, यात अन्याय नको म्हणून मी तक्ता केला. पहिला नमुना नानांच्या रेल्वेच्या गणवेशातल्या फोटोचा छापून आणला आणि माल वापरण्याआधी तपासायचा या सवयीने तीनदा धुतला. पहिल्या धुण्यात टोपी गेली, दुसऱ्यात मिशी. तिसऱ्या धुण्यानंतर नाना इतके पुसट झाले की ईरा म्हणाली, पापा, दादाजी तो अब सच में चले गए. मला हसू आले, मग वडिलांवर हसल्याचे वाईट वाटले. दोन्ही त्याच क्रमाने डायरीत लिहिले. दुसऱ्या दुकानात रंग पक्के निघाले, पण तिथल्या कॉम्प्युटरला चेहरे सुधारायची सवय. तुमच्या अकोल्याच्या घरच्या ओसरीवरचा फोटो तुला आठवत असेल. त्यातली सगळी माणसे एका डब्यातल्या पेढ्यांसारखी गोरी आणि गुळगुळीत होऊन आली. प्रमोदिनी आजीचे कुंकू त्याने डाग समजून पुसले, हनुवटीवरचे गोंदण पुसले, आणि नरहर आजोबांना, जे जन्मात फोटोत हसले नाहीत, त्यांना हसवले. मी दुकानदाराला म्हणालो, भैया, ये दाग नहीं है, कुंकू है. तो म्हणाला, सर, मशीन को तो सब दाग ही दिखता है. माणूस सज्जन. चौथ्या खेपेला त्याने स्वतःच फोन करून विचारले, सर, दादाजी को गुस्से में ही रखना है ना? मी म्हणालो, हव. आता आजोबा नेहमीसारखे रागावलेले आहेत आणि रंग उतरत नाही.

राहिले भरतकाम. आई गुरुवारी भजनाला जाते. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली (कारण ‘घरगुती काम’ असे लिहिले, ते खरेच होते) आणि तिची ट्रंक उघडली. उशांचे अभ्रे, क्रोशाचे रुमाल, बिनडोळ्यांचा ससा, आणि सगळ्यात खाली मलमलीत गुंडाळलेला मोर. मॅटीच्या जाळीदार कापडावर फुलीच्या टाक्याने काढलेला तो मोर तुला मी काय सांगायचा? मी लहानपणापासून ऐकत आलो की हा आईने लग्नाआधी अठरा दिवसांत काढला आणि एकही फुली चुकली नाही. आमच्याकडे कोणी पाहुणा नुसता चहा पिऊन गेला असे झाले नाही, मोर पाहूनच गेला. आणि सहा वर्षांपूर्वी तुझ्या कौमुदीच्या लग्नाच्या वेळी तू हाच मोर मागितलास, रुखवतावर मांडायला. तू म्हणालीस, तो माझा आहे, शारदाताईच्या रुखवतासाठी दिला होता, परत यायचा राहून गेला. आई म्हणाली, माझ्या रुखवतावरचा मोर तुझा कसा. चार लोकांत झाले. तेव्हापासून तुम्ही दोघी बहिणी बोलत नाही. त्या दिवशी मी आईच्या शेजारी उभा होतो, हेही इथे लिहितो, कारण तू विसरली नसशीलच.

अशा वस्तूला कात्री लावण्याआधी कोणाला तरी विचारायला हवे होते. विचारले नाही. मोर अख्खाच्या अख्खा मधे लावला तर बाकीची गोधडी त्याच्यापुढे दीनवाणी दिसेल, म्हणून त्याचे नऊ चौकोन करून ते फोटोंच्या मधे मधे पेरायचे असे मी ठरवले होते. मागच्या बाजूने पेन्सिलीने रेघा आखल्या, व्हर्नियरने मोजले आणि कापले. नवांपैकी एकाचीही बाजू अर्ध्या मिलिमीटरने चुकलेली नाही. हे मी अभिमानाने सांगतो, कारण या प्रकरणात अभिमानाने सांगण्यासारखे एवढेच आहे.

शनिवारी ते नऊ चौकोन घेऊन मी जोडणीचे विचारायला आमच्या पाऱ्यातल्या (इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात) बाबाराव शिंप्यांकडे गेलो. मूळचे आपल्याच बाजूचे, दर्यापूरचे. चाळीस वर्षे रायपुरात राहूनही बोलणे तसेच. त्यांनी एक चौकोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, चष्मा वर केला.

“काहून कापला जी याले?”

मी म्हणालो, आईसाठी गोधडी करतो आहे. हा आईनेच काढलेला मोर आहे.

“तुमची आई डावरी हाय का?”

मी म्हणालो, नाही.

“मंग हा तिचा नाही.” आणि त्यांनी चौकोन परत माझ्या हातात दिला, जसा मी सळीचा नमुना परत देतो तसा.

मग त्यांनी दाखवले. फुलीत दोन टाके असतात, एक खाली, एक वर. सरळ हाताच्या बाईचा वरचा टाका एकीकडे झुकतो, डावखुरीचा दुसरीकडे. माही माय डावरी होती, म्हणाले, तिच्या फुल्या अशाच रुसलेल्या असत. मला हे पटले नाही. मी घरी येऊन आईच्या हातचे अभ्रे काढले (ते तिने माझ्या डोळ्यांदेखत भरलेले आहेत, त्याबद्दल वाद नाही) आणि भिंगातून तपासले. अभ्र्यांवरच्या चारशे फुल्या आणि मोरावरच्या चारशे. एवढा नमुना कोणत्याही मालाला पुरतो. अभ्र्यांवरच्या सगळ्या एकीकडे, मोरावरच्या सगळ्या दुसरीकडे. एक अपवाद नाही. मावशी, आपल्या घरात डावखुरे एकच माणूस आहे, आजोबांच्या छड्या खाऊनही जिने घास उजव्या हाताने घेतला नाही ते. तेव्हा मी आई-नानांच्या लग्नातला रुखवताचा फोटो काढला. तो गोधडीसाठी मोठा करून घेतलाच होता. टेबलावर मोर आहे, त्यावर उभे कार्ड आहे, ‘चि. सौ. कां. शारदा हिने स्वहस्ते केलेले’ असे. टेबलामागे अठरा वर्षांची एक मुलगी दोन वेण्या घालून उभी आहे. बाकी सगळे कॅमेऱ्याकडे पाहताहेत आणि ती मोराकडे.

रुखवतात मांडलेले सगळे नवरीनेच केलेले असते, असे मी सत्तेचाळीस वर्षे समजत होतो. मंजिरीला मोराचे सांगितले तर ती भांडी घासता घासता थांबली आणि म्हणाली, अहो, माझ्या रुखवतातले सप्तपदीचे पाट शेजारच्या काकूंचे होते, आणि तो काड्यांचा बंगला दोन लग्ने आधीच फिरून आला होता. तुम्ही इतके दिवस काय समजून राहिले होते? मी इतके दिवस जे समजत होतो ते सांगितले नाही. लग्न झाले की ज्याची वस्तू त्याला परत जाते, ही तर रीतच, म्हणाली. मोराची रीत तेवढी राहिली होती.

तर मावशी, तू बरोबर होतीस. हे मी बाजू बदलली म्हणून नाही, तपासून लिहितो आहे. कौमुदीच्या लग्नाच्या दिवशीची डायरी काढली, तर माझ्याच अक्षरात ‘मावशी उगाच आवाज चढवते, आईचे बरोबर’ असे लिहिलेले आहे. आमच्या मिलमध्ये चुकीची नोंद पूर्ण खोडायची नसते. एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, आणि बाजूला बरोबर काय ते लिहून सही-तारीख करायची. तशी केली. पण बावन्न वर्षे आमच्या ट्रंकेत असलेला मोर तुझा असल्याचा पुरावा ज्या शनिवारी माझ्या हाती आला, त्याच्या दोनच दिवस आधी मी त्या पुराव्याचे नऊ तुकडे केलेले होते. आता मी माफी मोर कापल्याची मागू की सहा वर्षांपूर्वी चुकीच्या जागी उभा राहिल्याची? दोन्हींची एकत्र मागितली तर दोन्ही स्वस्त होतात. म्हणून पहिली या पत्रात मागतो आहे, आणि दुसरी समोर आलीस की.

आईला मी काही बोललेलो नाही. परवा तिने वाढदिवसाला कोण कोण येणार ती यादी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाली, बस, एवढेच? मी म्हणालो, एवढेच. मग ती उठून देव्हाऱ्यातली फुले बदलायला गेली, जी सकाळीच बदलली होती.

बाकी गोधडीचे काम उत्तम चालू आहे. तीसपर्यंत पूर्ण होणार याबद्दल मला शंका नाही (मंजिरीला आहे). तू प्रकृतीला जप. काका सकाळी फिरायला जातात ना? त्यांना नमस्कार, कौमुदीला आशीर्वाद. तुझ्याकडून फक्त आशीर्वाद हवा, दुसरे काही मागण्यासाठी हे पत्र नाही.

तुझा भाचा,
पराग

ता. क. १. शेवटचे वाक्य पुन्हा वाचले आणि ते खोटे आहे. रेघ मारून ठेवली आहे, पाहिलीसच. वर नऊ चौकोन लिहिले, ते मोजणीत बरोबर आहे, पण त्यातले धड आठच आहेत. आणि बाबारावांकडे जोडणीचे विचारायला गेलो हे जसे खरे आहे तसेच अपुरे आहे. त्याचे असे झाले. मॅटीच्या कडा सुटू नयेत म्हणून मागून इस्त्रीने चिकटणारी पट्टी लावायची होती. इस्त्री किती तापली ते बोटाने पाहणे मला अशास्त्रीय वाटले, म्हणून मिलमधले दुरून तापमान मोजायचे यंत्र रीतसर गेटपास करून घरी आणले. ते लालभडक सळ्यांसाठी आहे आणि सहाशे अंशांच्या खालचे काही ओळखत नाही, हे मला ठाऊक होते. त्या क्षणी आठवले नाही. यंत्र ‘कमी’ म्हणत गेले आणि मी इस्त्री वाढवत गेलो. रोलिंग मिलच्या हिशेबाने इस्त्री अजून थंडच आहे. मोराच्या मानेचा मात्र चार बोटे भाग तपकिरी झाला आहे. बाबारावांना विचारले, भराल का? म्हणाले, भरतो ना जी, पण माह्या फुल्या दुसरीकडे पाहतीन, मोराची मान मोडल्यावानी दिसन. ही मान या जगात एकाच हाताला जमेल. चौकोन सोबत पाठवतो आहे, नवी मॅटी जोडून. मागणे असे की तू तो भरावास, आणि टपालाने परत न पाठवता तीस तारखेला स्वतः घेऊन यावेस. टपालाचा मला भरवसा नाही. (आहे. आत्ताच भरवशाने पाठवतो आहे. पण तू ये.)

ता. क. २. वरचे लिहून झाल्यावर पाकीट दोन दिवस टेबलावर राहिले, कारण मोराच्या मानेचा निळा कोणता ते कळेना आणि चुकीची लडी पाठवायची नव्हती. तेवढ्यात आईने लोकरीचे काढायला ट्रंक उघडली. मोर कुठे आहे, असे तिने फार हळू आवाजात विचारले. मी नऊही चौकोन पलंगावर ठेवले. मागे आकडे घातलेले आहेत, तिने ते पाहिलेही नाहीत, एकदाही न चुकता मोर जुळवला. जळलेल्या चौकोनाशी थांबली. मी विचारले, आई, मान कोणत्या निळ्याची होती?

“मले काय ठाऊक? विनूले विचार, तिनंच आणल्या होत्या लड्या,” म्हणाली.

आणि मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आले. मी आणून ठेवलेल्या नव्या लड्यांचा ढीग तिच्यापुढे सरकवला. ती म्हणाली, सासूबाई आल्या-गेल्याले दाखवत, आमच्या शारदानं काढला म्हणून. पयल्या दिवशी नाही सांगितलं, मंग कोन्या दिवशी सांगू? विनूच्या लग्नाले घेऊन निघाली होती मी, पेटीत ठेवला होता. सासूबाईंनी पेटी उघडून पायला आणि म्हणाल्या, हा कशाले नेऊन राहिली? हे तिचे शब्द आहेत, मी एकही बदललेला नाही. त्यावर मत देण्याचा माझा अधिकार नाही. मग आईने त्या ढिगातून दोन निळे काढले, उन्हात धरले, एक परत ठेवला.

ता. क. ३. पाकिटावरचे अक्षर तू ओळखले असशील, म्हणजे हे सगळे वाचण्याआधीच तुला कळले असणार की हे पत्र आईला न कळता आलेले नाही. पत्ता आईने स्वतः लिहिला, तुझ्या अक्षराने पोचणार नाही, असे मला म्हणाली. चौकोनासोबत पुठ्ठ्यात टोचलेली सुई आहे, जपून काढ. तुझ्या डोळ्याचे मी सांगितले होते, म्हणून आईने ती ओवूनच ठेवली आहे. दोरा भलताच लांब ओवलाय. एवढा लांब गुंततो, अर्धा मीटर पुरे, असे मी मोजून सांगितले. तर म्हणाली, तुले काय समजते? डावा हात हाय तिचा, लांब जाते. पंगतीत माह्या उजवीकडं बसली की दर घासाले कोपर लागे. तीस तारखेला तुझे पान तिच्या उजवीकडेच मांडायचे, असे तिने मंजिरीला सांगून ठेवले आहे. मी म्हणालो, आई, कोपर लागेल. म्हणाली, लागू दे.